उलटी बाजू दाखवा

पहिला दिवस, बुधवार : अहमदाबाद

कॅलिको हे कापडांचं म्युझियम बघायचं असेल तर अहमदाबादला बुधवारी पोचू नये, कारण बुधवारी ते बंद असतं. हे माहीत असूनही आम्ही बुधवारी सकाळी स्टेशनवर उतरलो, कारण तिकिटं मिळाली ती मंगळवार रात्रीचीच. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्या जालन्याची. ३१ वर्षं शाळेत शिवणकाम शिकवलं. आता गुडघे कुरकुरतात, पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते.

तिची एक खोड सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. कापड हातात आलं की ती आधी ते उलटं करते. बस्त्याला गेलो की दुकानदार पैठणीचा पदर पसरून "मोर बघा ताई" म्हणेपर्यंत हिने तो मागून बघितलेला असतो. हातमागाच्या पैठणीत एक रंग शेजारच्या रंगात अडकवत विणतात, त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि मोर मागूनही मोरच दिसतो. मशीनच्या पैठणीला मागे धाग्यांचं जंजाळ असतं, नाहीतर कापून टाकलेली टोकं. मी सातवीत असताना ताईच्या रुखवतात ठेवायला एक टेबलक्लॉथ भरला होता. आत्याने तो उलटा केला आणि म्हणाली, "पुढं गुलाब, मागं उंदराचं घरटं." रडत रडत सगळा उसवला. तेव्हापासून मी भरतकाम करत नाही, फक्त बघायला जाते.

दुपारभर झोप काढली. संध्याकाळी चहा पिऊन हिंडताना एका दुकानाच्या काचेत 'असली पाटण पटोळा' (पाटणची विणलेली रेशमी साडी) अशी पाटी दिसली आणि आत्या आत शिरली. साडी सहा हजारांची. एवढ्या पैशांत खऱ्या पटोळ्याचा रुमालही आला नसता, हे आम्हाला दोन दिवसांनी कळणार होतं. पण आत्याला किमतीची गरज नव्हतीच. तिने पदर उलटला. मागे रंग फिका, नक्षीच्या कडा पुसट. म्हणजे छापील. दुकानदार गोड हसून म्हणाला, "माजी, पाछळ कोण जुए छे?" मागून कोण बघतंय?

"मी," आत्या म्हणाली, आणि बाहेर पडली.

दुसरा दिवस, गुरुवार : कॅलिको

शाहीबागेत साराभाई कुटुंबाचं 'रिट्रीट' नावाचं जुनं आवार आहे, तिथे हे म्युझियम. वाटलं आणि गेलो असं इथे चालत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं, ठरलेल्या वेळी छोट्या गटाला आत घेतात आणि गाईडच्या मागेच फिरायचं असतं. पिशवी, फोन, कॅमेरा सगळं बाहेर. फोन सोपवताना माझा जीव खालीवर झाला, आत्या मात्र खूश. "बरं झालं. आता तू बगशील तरी."

१९४९ साली गौतम साराभाई आणि त्यांची बहीण गीरा यांनी हे उभं केलं. कापडासाठी अहमदाबादेत एक संग्रहालय हवं, ही कल्पना कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी सुचवली होती. आधी ते साराभाईंच्या कॅलिको मिलच्याच आवारात होतं, १९८३ मध्ये शाहीबागेत आलं. गंमत बघा, कॅलिको हे नाव कालिकतवरून पडलं. तिथून जाणाऱ्या सुती कापडाला युरोपात कॅलिको म्हणत. पुढे तेच नाव गिरणीला लागलं. गिरण्यांच्या कापडाने हातमागाचं कंबरडं मोडलं, आणि त्यातल्याच एका गिरणीच्या मालकांनी हातमागाच्या, हातसुईच्या वस्तू जिवापाड जपून ठेवल्या. गिरणी केव्हाच बंद पडली, म्युझियम चालू आहे. आमच्या एका चुलत्याने परळच्या गिरणीत उमेद घालवली, त्यामुळे माझ्या मनात हे नीट बसलं नाही, अजूनही बसत नाही. पण आतलं कापड बघितल्यावर भांडावं कुणाशी, तेही सुचेना.

इमारतच आधी बघण्यासारखी. गुजरातमधल्या जुन्या हवेल्या पाडल्या जात होत्या, त्यांचे कोरीव लाकडी दर्शनी भाग इथे आणून जोडले आहेत. सज्जे, तोडे, खांब, मधे चौक. आत अंधूक उजेड. कापडावर प्रकाश पडला की रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून जगभरची म्युझियमं जुन्या कापडावर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. डोळे सरावायला पाच मिनिटं गेली. मग भिंतीवरून लाल रंग हळूहळू पुढे आला. मुघल काळातल्या तंबूची ती कनात होती. बादशहाचा मुक्काम म्हणजे कापडाचं गाव, त्यातली एक भिंत आमच्यासमोर.

नाथद्वाऱ्याच्या पिछवाया, म्हणजे देवाच्या मूर्तीमागे लावायचे चित्रांचे पडदे, मच्छलीपट्टणची कलमकारी, देवीच्या भक्तांनी रंगवलेली 'मातानी पछेडी'. देवळात येऊ देत नव्हते तेव्हा या लोकांनी कापडावरच देवी काढून कापडाचंच देऊळ उभं केलं. हे सगळं गाईडबाई भराभर सांगत होत्या आणि आम्ही भराभर पुढे सरकत होतो. माझी तक्रार एकच : वेग. एकेका दालनात तासभर बसावं असं असताना पाच मिनिटांत "चला" ऐकू येतं. आत्या कायम गटाच्या शेपटाला. कधी गुडघ्यामुळे, बहुतेक वेळा मुद्दाम.

भरतकामाच्या दालनात मात्र ती थांबलीच. पंजाबची फुलकारी होती. जाडसर खादीवर पीळ न दिलेल्या रेशमाने भरलेली, इतकी दाट की खालचं कापड दिसेना. अशा पूर्ण भरलेल्या फुलकारीला 'बाग' म्हणतात. आत्या काचेला नाक लावून म्हणाली, "ही मागून भरलीय." गाईडबाई चमकल्या. खरंच, फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने भरतात. वर नक्षी काढलेली नसते, बाई मागून धागे मोजत धावदोरा घालत जाते आणि पुढच्या बाजूला लांब लांब रेशमी टाके पडत जातात. पुढे काय उमटतंय ते तिला भरताना दिसत नाही, ते डोक्यात असतं. मग आत्याने विचारलं, "उलटी बाजू दाखवता का?"

काचेतली वस्तू काढून दाखवता येत नाही, हे त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. आत्याने मान डोलावली आणि वाकून काचेच्या खालून काही दिसतंय का बघू लागली. गटातल्या एका काकांना हसू आवरेना.

पण यानंतर गाईडबाईंचा नूर पालटला. लखनौच्या चिकनपाशी त्यांनी आम्हाला मुद्दाम पुढे बोलावलं. पांढऱ्या मलमलीवर पांढरा दोरा. बखिया हा त्यातला टाका म्हणजे आपला हेरिंगबोनच, पण तो घालायचा मागून. पातळ मलमलीतून त्याची सावली तेवढी पुढे उमटते, नुसती दुधाळ पाकळी. आणि जाळी! मला वाटायचं धागे कापून काढत असतील. तसं नाही. सुईने धागे बाजूला सारायचे आणि बारीक टाक्यांनी आवळून तिथेच धरून ठेवायचे, की भोकं तयार. एकही धागा तुटत नाही. आत्या आयुष्यभर क्रोशाच्या लेसा विणत आलीय. ती म्हणाली, "लेस विणायला धागा लागतो. हिनं तर नुसती जागा करून दिली." मी वहीत लिहून घेतलं.

मग चंब्याचा रुमाल. हिमाचलातल्या चंबा संस्थानातलं हे काम, भेटीच्या थाळीवर झाकायचे रुमाल. चित्र काढून द्यायचे पहाडी शैलीचे चित्रकार आणि भरायच्या बायका, दोरुखा टाक्याने. दोरुखा म्हणजे दोन्ही तोंडं सारखी : कृष्ण, गोपी, केळीची झाडं, सगळं मागूनही जसंच्या तसं, गाठ कुठे नाही. इथे आत्या उलटी बाजू मागणार म्हणून मी तयारीत होते. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने पुटपुटली, "मी पोरींना उगंच मारलं." मी विषय बदलला.

बंगालच्या कांथ्यापाशी आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "गोधडी!" जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि त्यांना धावदोरा. पण भरायचा दोराही जुन्या साडीच्या काठातून उपसून काढलेला, हे आमच्या गोधडीत नव्हतं. काश्मीरच्या शालींचं वेगळं पान लिहावं लागेल, ते इथे नको.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. फोन परत मिळाला, त्यावर १४ मिस्ड कॉल. एकही महत्त्वाचा नव्हता.

तिसरा दिवस, शुक्रवार : पाटण

पाटण अहमदाबादपासून सव्वाशे किलोमीटर. सगळे जातात राणीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघायला. आम्हीही गेलो. जमिनीत सात मजले खोल उतरणारी शिल्पं बघून पायऱ्या चढताना आत्याने गुडघ्यांना आणि मला मिळून बरंच काही ऐकवलं. वावेबद्दल एवढंच. शंभराच्या नव्या नोटेवर तिचं चित्र आहे, ते बघा आणि जा.

आम्हाला जायचं होतं साळवींकडे. दुहेरी इकतचा पटोळा विणणारं हे घराणं, त्यांनी स्वतःचं छोटं संग्रहालय केलं आहे आणि तिथेच मागही आहे. आणि इथे माझ्या आत्याच्या आयुष्यातला एक मोठा क्षण आला.

दंतकथा अशी : बाराव्या शतकात पाटणचा सोळंकी राजा कुमारपाळ पूजेला रोज नवा पटोळा नेसायचा. पटोळे यायचे दक्षिणेतून, जालन्याहून. एक दिवस त्याला कळलं की जालन्याचा राजा ते आधी स्वतः वापरतो आणि मग इकडे पाठवतो. उष्टं वस्त्र देवाला कसं चालणार? त्याने जालन्यावर स्वारी केली आणि विणकरांची ७०० कुटुंबंच पाटणला आणून वसवली. तेच हे साळवी.

"जालन्याहून," दाखवणारे गृहस्थ म्हणाले.

"आमच्या जालन्याहून?" आत्या.

"तुम्ही जालन्याच्या?" त्यांनी आत हाक मारली, दोघं-तिघं बाहेर आले. चहा आला. आठ-नऊशे वर्षांनी माहेरचं माणूस यावं तशी बडदास्त. आता तिथे पटोळा विणतात का, असं एकाने विचारलं. आत्या जरा ओशाळली. "नाही हो. आता बी-बियाणं अन् लोखंडाच्या सळया." लहानपणापासून 'जालना सोने का पालना' ऐकत आलोय, पण पाळण्यात काय काय होतं ते पाटणला जाऊन कळलं.

आता दुहेरी इकतचा पटोळा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही बघेपर्यंत कळलं नव्हतं. साधारण विणकामात रंगवलेले धागे मागावर चढवतात आणि नक्षी विणताना येते. इथे नक्षी विणण्याआधीच धाग्यावर असते. रेशमाचे धागे ताणून धरतात, जिथे रंग नको तिथे सुती दोऱ्याने घट्ट बांधतात, रंगात बुडवतात, सोडतात, दुसरीकडे बांधतात, पुन्हा बुडवतात. जितके रंग तितक्या वेळा. हे उभ्या धाग्यांना वेगळं, आडव्या धाग्यांना वेगळं. विणताना उभ्यावरचा लाल ठिपका आणि आडव्यावरचा लाल ठिपका नेमका एकमेकांवर यायला हवा. केसभर सरकला तरी हत्तीची सोंड तुटते.

माग एका बाजूला कललेला होता, एक टोक वर, एक खाली. दोघं विणत होते. काही इंच विणून झाले की थांबायचे, ताण सैल करायचे आणि एक जण सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवून जागेवर बसवायचा. मी त्या सुईकडे बघत राहिले. धागा इतका बारीक की मला दिसत नव्हता, फक्त सुई हलल्यावर हिरव्या पानाची कड किंचित उजवीकडे जाऊन लाल पट्टीला भिडलेली दिसली. पुन्हा सुई, पुन्हा तेवढंच. मग लाकडी तलवारीसारखी शिसवी फळी आत घालून ठोकायचं. दिवसाला वीतभर विणून होतं. बांधणी आणि रंगाई धरून एका साडीला चार ते सहा महिने, किंमत लाखांत. इंडोनेशियात हे कापड पूर्वी पवित्र मानायचे, मसाल्याच्या व्यापारात त्याला मोठा भाव होता.

त्यांनी एक जुना तुकडा आत्याच्या हातात दिला. 'नारी कुंजर' भात, म्हणजे नक्षी : बाई आणि हत्ती. आत्याने सवयीने उलटा केला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा. मग चेहरा असा की आपण कुठे आहोत तेच ती विसरली असावी. "याची सुलटी कोणती?"

"नाहीच," ते म्हणाले. "जी वर घ्याल ती सुलटी."

रंग धाग्याच्या आतच भिनलेला, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या. गुजरातीत म्हणच आहे : पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं. फाटेल, पण रंग जाणार नाही.

पाटणमध्येच अजून मशरूही विणतात, तोही बघितला. वर चकाकतं रेशीम, आत अंगाला लागणारं सूत. मुसलमान पुरुषांना रेशीम थेट अंगाला लागणं वर्ज्य, म्हणून ही युक्ती. मशरू म्हणजेच धर्माने चालणारं. इथे उलटी बाजू मुद्दाम वेगळी, आणि तिच्यामुळेच कापड चालतं. आत्या यावर खूश झाली. ती आता उलट्या बाजू मोजायला लागली होती.

रात्रीची बस भुजची. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

चौथा दिवस, शनिवार : भुज, अजरखपूर

भुजपासून पंधराएक किलोमीटरवर अजरखपूर. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातले खत्री, म्हणजे कापड रंगवणारे-छापणारे लोक, इथे येऊन वसले. धमडक्याच्या नदीचं पाणी अजरखच्या, म्हणजे त्यांच्या ठशांनी छापलेल्या कापडाच्या, रंगाला चालेनासं झालं होतं, म्हणून नवं गाव. तिथेच 'लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर' आहे, कच्छच्या भरतकामाचं मोठं म्युझियम, २०१६ मध्ये उघडलं. मागे श्रुजन ही संस्था. १९६९ च्या दुष्काळात मुंबईहून चंदा श्रॉफ धनेटी गावात मदतीला आल्या. बायकांना फुकटचं खायला नको होतं, काम हवं होतं. त्यांच्या अंगावरचं भरतकाम चंदाबेनना दिसलं आणि त्यांनी साड्या भरायला दिल्या. तिथून सुरुवात.

कॅलिकोनंतर हे दालन म्हणजे दारं-खिडक्या उघडल्यासारखं. तिथे बादशहा होते, इथे जातजमाती. अहीर, रबारी, जत, मुतवा, सोढा, मेघवाळ, प्रत्येकाचा टाका वेगळा. 'खारेक' म्हणजे आपली खारीकच, तसेच उभे पट्टे. गरासिया जत बायकांच्या झग्याचा पुढचा भाग बारीक मोजीव टाक्यांनी इतका भरलेला की बोट ठेवायला मोकळी जागा नाही. मोची लोकांचं आरीकाम हुकाने होतं, तिथेही दोरा कापडाखालून पुरवतात.

रबारींच्या विभागात मला एक गोष्ट टोचली. ढेबरिया रबारी समाजाने १९९५ साली बायकांना भरतकाम करायलाच बंदी घातली. लग्नाआधी मुलीने इतकं काही भरून द्यावं लागे की त्यात वर्षं जात आणि लग्नं लांबत. जे आम्ही काचेपलीकडून "अहाहा" म्हणत बघत होतो, ते काही पोरींना ओझं झालं होतं. मला माझा उसवलेला गुलाब आठवला. आत्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "बंदी कुणी घातली? बाप्यांनीच ना?" मग पुढच्या पॅनेलकडे गेली.

दुपारी एक बाई ओट्यावर बसून सुफ भरत होत्या. सोढा आणि मेघवाळांचं हे काम, यांतली बरीच कुटुंबं १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरहून इकडे आली. सुफला कापडावर काहीच आखत नाहीत. धागे मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे, आणि भरायचं मागून. पुढे गुळगुळीत रेशमी त्रिकोण, मागे फक्त बारीक ठिपक्यांच्या ओळी. बाईंच्या मांडीवर कापडाची उलटी बाजूच वर होती. आत्या शेजारी बसली. एकीला कच्छी येते, दुसरीला मराठी, दोघींची हिंदी यथातथाच. तरी अर्धा तास गप्पा चालल्या. बाई नखाने धागा उचलून दाखवायच्या, "चार... एक... चार". आत्या मोजायची आणि चुकायची. त्या हसायच्या. एकदाचं तिला बरोबर आलं तेव्हा बाईंनी सुई तिच्या हातात दिली.

आत्याने तीन टाके घातले आणि सुई परत केली. "तुमचं खराब नको करायला." कापड उलटून पुढे काय उमटलं ते मात्र तिने बघितलं नाही. बाईंनीच उलटून दाखवलं. तीन बारीक लाल रेघा, एक जरा वाकडी.

पाचवा दिवस, रविवार : परत

सकाळी अजरखचे ठसे बघितले. हिरडा, लोखंडाचा गंज आणि गूळ, नीळ, मंजिष्ठ, किती धुणी आणि किती वाळवणी! तिथे दोन्ही बाजूंनी छापलेलंही अजरख मिळतं, आणि मागचा ठसा पुढच्यावर नेमका बसतो. आत्याने दोन मीटर घेतलं. दोन्ही बाजू बघून.

सुफची एक छोटी चौकोनी पट्टीही घेतली होती. पुण्यात आल्यावर फ्रेमवाल्याकडे गेलो. आत्याने सांगितलं, पुढून काच आणि मागूनही काच, पुठ्ठा नको.

"काकू, मागून कोण बघणार?" तो म्हणाला.

त्याने चारशे रुपये जास्त घेतले. ती फ्रेम आता जालन्याला टीव्हीशेजारी टेबलावर उभी आहे, पाठ खोलीकडे करून.